क्योरित्सु ४१०५ए: गोव्यातल्या घरांत डिश, केबल आणि कॅमेऱ्यांचं अर्थिंग तपासायला कितपत कामाचा?

आधी निकाल सांगून टाकू. जमिनीत पुरलेल्या रॉडचा ओहम मोजायला क्योरित्सुचा ४१०५ए हा चांगला, सरळ आणि टिकाऊ टेस्टर आहे. पण घर-तपासणीत डिश, केबल टीव्ही, ब्रॉडबँड, सीसीटीव्ही आणि इंटरकॉमचं अर्थिंग बघायचं असेल, तर याने निम्मंच काम होतं. उरलेलं निम्मं काम या टेस्टरच्या पल्ल्यात येत नाही, आणि सेट-टॉप बॉक्स जळतो तो बहुतेक वेळा त्या उरलेल्या निम्म्यामुळे.

डबा अर्ध्या किलोच्या आसपास वजनाचा आहे आणि सहा एए सेलवर चालतो. रेंज तीन: २०, २०० आणि २००० ओहम. शिवाय जमिनीतलं फालतू व्होल्टेज मोजायला २०० व्होल्टपर्यंतची एसी रेंज. सोबत हिरवी ५ मीटर, पिवळी १० मीटर आणि लाल २० मीटर अशा तीन वायरी, ठोकायच्या दोन लोखंडी सळया, आणि सळया ठोकायला जागा नसेल तेव्हासाठी दोन टोकांची साधी प्रोब. मोजताना काही मिलिअँपिअरच करंट सोडतो, त्यामुळे घरातला आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) पडत नाही.  

मोजण्याचा क्रम चुकला की आकडा खोटा येतो, म्हणून तो नीट. आधी मेन स्विच बंद. मगच रॉडवरची अर्थ वायर सोडायची. हे उलटं केलं, म्हणजे घर चालू ठेवून वायर सोडली, तर तेवढा वेळ गीझर, मिक्सर, वॉशिंग मशीन सगळ्यांच्या बॉडी उघड्यावर पडतात. वायर सोडल्यावर सर्वांत आधी अर्थ व्होल्टेजची रेंज लावून बघायची. १० व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर ओहमच्या आकड्यावर भरवसा ठेवू नये. शेजारच्या घरातून किंवा पंपाच्या केबलमधून गळती जमिनीत येत असते, ती आधी शोधावी. मग हिरवी वायर रॉडला, पिवळी मधल्या सळईला, लाल लांबच्या सळईला, तिन्ही एका सरळ रेषेत.

इथे वायरींच्या लांबीत एक गोम आहे. मधली सळई लांबच्या सळईच्या अंतराच्या ६२ टक्क्यांवर असावी, आणि खात्रीसाठी ५२ व ७२ टक्क्यांवरही रीडिंग घ्यावं, हा जुना नियम. लाल वायर पूर्ण २० मीटर ओढली तर ६२ टक्के म्हणजे १२.४ मीटर, आणि पिवळी वायर १० मीटरवर संपते. कंपनीच्या मांडणीत दोन्ही सळया समान अंतरावर, म्हणजे मधली बरोबर अर्ध्यावर येते. ते चालतं, पण रीडिंग थोडं कमी दिसण्याकडे झुकतं. त्यापेक्षा लाल सळई १३.५ मीटरवर ठोका. मग मधली सळई ७, ८.४ आणि ९.७ मीटरवर ठोकता येते आणि ५२-६२-७२ची तिन्ही रीडिंग याच वायरींत बसतात. अडीच-तीन मीटरच्या रॉडला एवढं अंतर पुरतं. तिन्ही आकडे एकमेकांच्या पाच टक्क्यांत असतील तर मधला खरा धरायचा. आकडा चढतच गेला तर लाल सळई रॉडच्या प्रभावातून बाहेर पडलेली नाही. दिशा बदलून पुन्हा मोजायचं. तपासणीच्या रिपोर्टात नुसतं ‘अर्थ ४.२ ओहम, ठीक’ एवढंच असेल तर तपासनिसाला अंतरं विचारा. अंतरं लिहिली नसतील तर तो आकडा सळई कुठे ठोकली होती यावर अवलंबून आहे.

गोव्यात खरी कसोटी सळया ठोकताना लागते. पर्वरीच्या किंवा वेर्ण्याच्या सड्यावर वीतभर मातीखाली जांभा लागतो. सळई तिरकी होते, हातोडीने डोकं चेपतं, आणि आत गेली तरी भोवती पोकळी राहते. अशा ठिकाणी फटीत किंवा झाडाच्या आळ्यात सळई घालून तिच्या बुडाशी बादलीभर पाणी ओतायचं. सिमेंटचं अंगण असेल तर सळई आडवी ठेवून तिच्यावर ओलं पोतं टाकलं तरी काम भागतं. डांबरावर मात्र हे जमत नाही, तिथे पाण्याचा उपयोग नाही. उलट खाजनाच्या कडेला, मांडवी-झुआरीच्या खाऱ्या जमिनीत, सळई लोण्यात जावी तशी जाते आणि आकडाही सुरेख येतो, पण तिथला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप गंजतोही तितक्याच वेगाने.

जमिनीचा फरक किती पडतो, तर साधा हिशोब करून बघा. १६ मिलिमीटर जाडीचा ३ मीटरचा रॉड ५० ओहम-मीटरच्या (हे जमिनीच्या विरोधाचं माप) ओल्या चिखलात सुमारे १७ ओहम देतो. तोच रॉड ५०० ओहम-मीटरच्या कोरड्या जमिनीत सुमारे १६७ ओहम देतो. रॉड तोच, वायरमन तोच, बिलही तेच. आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात जुलैमध्ये घेतलेलं रीडिंग म्हणजे सगळेच पास. विजा कडाडतात त्या मुख्यतः मे महिन्यात आणि पुन्हा परतीच्या पावसात ऑक्टोबरला, म्हणजे एकदा तर जमीन अगदी सुकलेली असतानाच. तपासणी एप्रिल-मेमध्ये करावी, आणि पावसाळ्यात करावीच लागली तर महिना रिपोर्टात लिहून घ्यावा. मीठ-कोळशाचा खड्डा असेल तर दोन-तीन पावसाळ्यांत मीठ धुऊन जातं आणि जाताना पाइपही खातं. बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) किंवा तत्सम भरण जास्त टिकतं.

आकडा किती हवा, यावर वायरमन आणि घरमालक यांच्यात हमखास वाद होतो. ५ ओहमचा रॉड ‘एकदम मस्त’ म्हणून सांगितला जातो. पण ज्या घराचा अर्थ फक्त त्या रॉडवर आहे, तिथे फेज बॉडीला लागला तर २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर वाहणार. १६ अँपिअरचा बी कर्व्हचा (लवकर पडणाऱ्या प्रकारचा) एमसीबी तत्काळ पडायला ४८ ते ८० अँपिअर लागतात, सी कर्व्हला त्याहून जास्त. म्हणजे एमसीबी गरम होऊन पडेपर्यंत बॉडी जिवंतच. माणसाला वाचवतो तो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. त्याच्या दृष्टीने १६७ ओहमचा रॉडही चालतो. १६७ गुणिले ०.०३ म्हणजे जेमतेम ५ व्होल्ट. तेव्हा रॉडचा आकडा खाली आणायला आणखी खड्डे खणण्याआधी घरात आरसीसीबी आहे का, आणि त्याचं टेस्टचं बटण दाबल्यावर तो पडतो का, हे बघणं स्वस्त पडतं.

आता राहिलेलं निम्मं.

घरात येणाऱ्या या बारीक तारांचा प्रश्न रॉडच्या ओहमपेक्षा दोन रॉडांमधल्या फरकाचा आहे. गच्चीवर डिश, तिचा वेगळा रॉड घराच्या मागे. वीज-मीटरचा, म्हणजे मेन रॉड पुढच्या बाजूला. दोघांचे ओहम उत्तम, रिपोर्टात दोन्ही पास. जवळपास वीज पडली आणि डिशच्या रॉडमधून क्षणभर हजार अँपिअर गेले, रॉड २० ओहमचा असला, तर डिशची बाजू २०,००० व्होल्टवर आणि मीटरची बाजू जिथल्या तिथे. या दोन रॉडांना जोडणारी एकमेव वाट म्हणजे डिशची आरजी-६ केबल, सेट-टॉप बॉक्स, एचडीएमआय, टीव्ही आणि टीव्हीची थ्री-पिन. म्हणून वेगळा रॉड ठोकून तो मेन अर्थला न जोडणं हे काहीच न करण्यापेक्षा वाईट ठरू शकतं. अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये यासाठी मीटरजवळ एक ठोकळाच सांगितला आहे: टेलिफोन, केबल, डिश यांच्या किमान तीन अर्थ वायरी एका जागी बसतील असा. वेगळा रॉड असेलच तर तो मेन रॉडला ६ गेजच्या, म्हणजे सुमारे १३ चौरस मिलिमीटरच्या, तांब्याने जोडायचा, आणि एक-दोन कुटुंबांच्या घरात केबलच्या अर्थ वायरीची लांबी ६ मीटरच्या आत ठेवायची. आपल्या घरांत असा ठोकळा क्वचितच दिसतो. मीटर बॉक्सखाली तांब्याची चार-पाच भोकांची पट्टी लावली तरी तेच काम होतं.

लांबीवर एवढा जोर कशासाठी, तर विजेच्या झटक्यासमोर वायरीचा रेझिस्टन्स गौण असतो. सरळ वायरीला मीटरमागे साधारण एक मायक्रोहेन्रीचं इंडक्टन्स (करंट अचानक वाढायला होणारा अडथळा) असतं. मायक्रोसेकंदात हजार अँपिअर चढले तर दर मीटरला हजार व्होल्ट. दहा मीटरची अर्थ वायर म्हणजे दहा हजार व्होल्ट, मग खालचा रॉड एक ओहमचा असो नाहीतर पन्नासचा. उरलेली वायर गुंडाळून पॅरापेटला टांगून ठेवायची सवय इथेच महागात पडते.

या जोडणीचा रेझिस्टन्स ४१०५एने मोजू नये. २० ओहमच्या रेंजवर त्याची अचूकता दोन टक्के अधिक-उणे ०.१ ओहम आहे. ४ चौरस मिलिमीटरच्या दहा मीटर तांब्याचा रेझिस्टन्स ०.०४६ ओहम, १६ चौरस मिलिमीटरचा ०.०१२. म्हणजे जे मोजायचं ते टेस्टरच्या चुकीच्या आतच बुडून जातं. साधा मल्टिमीटरही फसवतो. तो इतका कमी करंट सोडतो की एका तंतूवर लोंबकळणारी वायरही ‘बीप’ म्हणते. यासाठी किमान २०० मिलिअँपिअर सोडणारा कंटिन्युइटी टेस्टर (जोड सलग आहे का ते मोजणारा) लागतो, आणि त्याच्या लीडचा रेझिस्टन्स आधी वजा करावा लागतो. दहा मीटरच्या अर्थ वायरीवर अर्धा ओहम दिसला तर कुठलातरी जोड गेलेला आहे. कळंगुट, कांदोळी, कोलवा या पट्ट्यात तो बहुधा तांब्याचा लग (वायरीच्या टोकाची कडी) जीआय बोल्टवर कसला आहे तिथे सापडतो: वरून हिरवट पापुद्रा, खाली जीआयचा पांढरा भुगा, आणि लग बोटाने फिरतो. कल्हई केलेला लग, स्टेनलेस बोल्ट आणि वरून ग्रीस, एवढ्याने काम होतं.

तरी ४१०५एचा इथे एक चांगला उपयोग आहे, जो कमी लोक करतात. मेन बंद करून, सगळ्या केबल काढून, साधी प्रोब मेन रॉड आणि डिशचा रॉड यांच्यात लावा. दोन्ही खरोखर वेगळे असतील तर दोघांच्या ओहमची बेरीज येते. जोडलेले असतील तर आकडा जवळजवळ शून्य. ‘साहेब, आतून जोडलेलं आहे’ या उत्तराची शहानिशा मिनिटभरात होते.

डिशची तपासणी डोळ्यांनी सुरू होते. केबल घरात शिरते तिथे अर्थचा ब्लॉक किंवा अरेस्टर (विजेचा झटका अर्थकडे वळवणारा जोड) आहे का, आणि असला तर त्याच्या स्क्रूत वायर आहे का? पितळी स्क्रू रिकामा, कारखान्यातून आला तसा चकचकीत, आणि केबल मात्र दोन्ही बाजूंनी इमानाने जोडलेली, हे दृश्य फार सरावाचं झालं आहे. अर्थ वायर नसलेला अरेस्टर म्हणजे केबलमधला आणखी एक जोड, पाणी शिरायला. आयईसी ६०७२८-११ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे अँटेनाच्या खांबाला १६ चौरस मिलिमीटर तांबं आणि केबलच्या जाळीला (आतल्या तारेभोवतीच्या धातूच्या आवरणाला) किमान ४ चौरस मिलिमीटरची जोडणी लागते. डिश छपराच्या कडेपासून २ मीटरहून खाली आणि भिंतीपासून दीड मीटरच्या आत असेल तर खांबाच्या अर्थची सूट आहे. म्हणजे फ्लॅटच्या बाल्कनीतल्या छत्रीसाठी बिल्डरशी भांडायची गरज नाही, पण कौलारू घराच्या वळचणीवर उभारलेल्या पाइपवरच्या डिशला सूट लागू होत नाही.

केबल टीव्हीत धोका वेगळा. ऑपरेटरची एकच केबल वाड्यातल्या वीस घरांतून फिरते आणि प्रत्येक घरातला टू-पिनचा सेट-टॉप बॉक्स आपल्या पॉवर सप्लायमधून थोडी थोडी गळती तिच्या जाळीत सोडतो. एकट्या बॉक्सची गळती पाव मिलिअँपिअर असली तरी वीस मिळून पाच होतात आणि हाताला झिणझिण्या येतात. त्यातच एखाद्या घरात खरोखर फेज लागला तर सगळ्या वाड्याची जाळी जिवंत. तपासायचं असं: थ्री-पिन सॉकेटचा अर्थ खरा आहे याची आधी खात्री करा. बॉक्सची पिन काढा, केबल सोडा, आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून केबलच्या बाहेरच्या कडीपासून अर्थपर्यंत मोजा. उघड्या कडीला हात नको. व्होल्टेज दिसलं नाही तर झिणझिण्या तुमच्याच बॉक्सच्या होत्या, बहुधा निरुपद्रवी. दिसलं तर ते बाहेरून येतंय. मग त्याच दोन टोकांत १० किलोओहम, १० वॉटचा रेझिस्टर लावून पुन्हा मोजा. आकडा दोन-पाच व्होल्टवर आपटला तर किरकोळ गळती. पन्नासच्या पुढे टिकून राहिला तर केबल टीव्हीला लावू नका आणि ऑपरेटरला लाइन तपासायला लावा. ही जाळी आपल्या अर्थला जोडून ‘प्रॉब्लेम सोडवायचा’ प्रयत्न त्याआधी करू नये; वाड्याचा सगळा फॉल्ट करंट तुमच्या पट्टीतून वाहू लागेल.

फायबरवाल्यांना हे लागू नाही असं समजलं जातं, आणि काचेच्या धाग्यापुरतं ते खरं आहे. पण खांबावरून येणाऱ्या ड्रॉप केबलमध्ये बहुधा लोखंडी तार असते, ती भिंतीबाहेरच तोडलेली हवी. आणि राउटरपासून गेटवरच्या कॅमेऱ्यापर्यंत जाणारी चाळीस मीटरची कॅट-६ नेटवर्क केबल तांब्याचीच असते. कॅमेरा जीआयच्या खांबावर, खांब जमिनीत, म्हणजे नकळत आणखी एक रॉड तयार झाला. शील्डची (धातूच्या आवरणाची) केबल असेल तर शील्ड घराच्या बाजूलाच अर्थ करा; दोन्हीकडे केली तर रोजचा करंट तिच्यातून फिरतो, आणि जुन्या बीएनसी (गोल जोडाच्या केबलवाल्या) कॅमेऱ्यांच्या चित्रावर सरकणारे काळे पट्टे येतात ते याच कारणाने. गेट खूपच लांब असेल तर मधला टप्पा फायबरने करणं हाच कायमचा उपाय.

सॉकेटमध्ये न्यूट्रलवरून अर्थ काढलेला असणं ही जुन्या घरांतली सर्वांत वाईट सापडणारी गोष्ट. तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर त्याला ‘बरोबर’ म्हणतो. न्यूट्रल मध्येच तुटला की फेज थेट बॉडीवर, आणि टीव्हीतून केबलच्या जाळीवर. इस्त्रीसारखा लोड चालू ठेवून न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज मोजा. एक-तीन व्होल्ट स्वाभाविक. लोड असतानाही ठाम ०.० दिसलं तर सॉकेट उघडून बघा. ४१०५एच्या साध्या प्रोबने अर्थ आणि न्यूट्रल यांच्यात मोजूनही हे पकडता येतं: एक ओहमच्या आत आकडा आला तर कुठेतरी दोघे जोडलेले आहेत. स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असलेल्या कॉम्प्लेक्समध्ये ते रीतसर असू शकतं. एकट्या घरात मात्र संशय घ्यावा. हे मोजमाप परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावं, कारण फेज आणि न्यूट्रल ओळखण्यात चूक झाली तर टेस्टर जातो आणि माणूसही जाऊ शकतो.

सळया नको म्हणून क्लॅम्पचा अर्थ टेस्टर घ्यावा का? सोसायटीच्या इमारतीत, जिथे अनेक खड्डे एकमेकांना जोडलेले आहेत, तिथे तो जास्त सोयीचा. एकाच रॉडच्या बंगल्यात त्याच्या करंटला फिरून यायला वाटच मिळत नाही आणि आकडा निरर्थक येतो. शिवाय तो ४१०५एपेक्षा बराच महाग पडतो.

एका घरासाठी ४१०५ए विकत घेण्यात अर्थ नाही. वायरमन, सोलर बसवणारे, सीसीटीव्हीवाले यांनी घ्यावा, आणि सोबत २०० मिलिअँपिअरचा कंटिन्युइटी टेस्टर घ्यावा. पैसे एकाचेच असतील तर बारीक तारांचं काम करणाऱ्याने आधी कंटिन्युइटी टेस्टर घ्यावा असं माझं मत. घरमालकाने तपासणी ठरवताना तीन गोष्टी लेखी मागाव्यात: रॉडची तिन्ही रीडिंग अंतरांसह, डिश-केबल-कॅमेऱ्याच्या अर्थपासून मेन पट्टीपर्यंतचा ओहम दोन दशांश स्थळांपर्यंत, आणि टेस्टरच्या कॅलिब्रेशनची तारीख. वर्षभर बंद राहून फक्त चतुर्थीला उघडणाऱ्या घरांसाठी आणखी एक: घर बंद करताना डिशची केबल बॉक्समधून काढून ठेवा, बाहेरच्या टोकाला प्लास्टिकची टोपी लावा. टोपीशिवाय सोडलेल्या आरजी-६मध्ये एका पावसाळ्यात पाणी मीटर-दोन मीटर आत चढतं, आणि मग तो तुकडा कापूनच टाकावा लागतो.